परतीची वाट

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या नादी लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक विनोद ऐकावा लागतो. इंग्रज लोक बिअर कोमट का पितात? कारण त्यांचे फ्रिजही लुकासच बनवतं! लुकास म्हणजे बर्मिंगहॅमची जोसेफ लुकास कंपनी. ट्रायम्फ, बी.एस.ए., नॉर्टन, मॅचलेस, एरियल या गाड्यांचे डायनॅमो, मॅग्नेटो, रेग्युलेटर, हेडलाइट, स्विच बहुतेक करून याच कंपनीकडून यायचे. मिलर आणि विपॅक हेही पुरवठादार होते, पण शिव्या खाण्याचा मान एकट्या लुकासचा. तिच्या संस्थापकाला लोकांनी 'काळोखाचा राजपुत्र' अशी पदवी देऊन टाकली. लुकासच्या स्विचला तीन खाचा असतात, बंद, मिणमिण आणि धूर, असंही म्हणतात.

हे विनोद मी स्वतः कितीतरी वर्षं चवीनं सांगितले. आता सांगत नाही. त्यामागे एक घाट आहे, एक बिनदिव्याची ऊसगाडी आहे आणि एका वयस्कर मिस्त्रींवर मी केलेला अन्याय आहे. तो हिशेब या लेखात मांडायचा आहे. 'हिशेब' हा शब्द सवयीनं आला. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. होऊन पतसंस्थेत जमा-खर्च लिहिण्यात उमेद गेली. विजेचं जे काही कळतं ते जुनी मॅन्युअलं वाचून आणि पुष्कळ तारा जाळून कळलेलं आहे.

आधी त्या राजपुत्राबद्दल. जोसेफ लुकास १८३४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जन्मला. हातगाडीवर रॉकेल विकत फिरणारा हा माणूस पुढे जहाजांचे कंदील बनवू लागला आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं उंच चाकाच्या सायकलींसाठी तेलाचा दिवा काढला. चाकाच्या आत, तुंब्यावर टांगायचा. त्याचं नाव 'किंग ऑफ द रोड'. दिवा तुफान चालला. १८९७ मध्ये कंपनी भागधारकांची झाली आणि १९०२ मध्ये जोसेफ वारला. म्हणजे मोटारसायकलच्या ज्या विजेच्या दिव्यांवरून त्याची टिंगल होते, त्यांचं युग सुरू होण्याआधीच हा माणूस गेला होता! त्याच्या हयातीत त्याची ओळख होती ती रस्त्याच्या राजाची. काळोख मागाहून चिकटला.

आमच्या घरात ब्रिटिश गाडी आली ती काकांमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी बी.एस.ए. कंपनीनं एम-२० नावाची गाडी सव्वा लाखाच्या वर बांधली. ४९६ सीसी, एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, वेगाच्या नावानं बोंब, पण बैलासारखी चिवट. युद्ध संपल्यावर अशा गाड्या जगभर डिस्पोजलमध्ये निघाल्या. काकांनी पन्नासच्या दशकात एक लिलावात उचलली आणि वीस-बावीस वर्षं साताऱ्याच्या रस्त्यांवर पिदडली. पुढे ती गोठ्याशेजारच्या पडवीत गेली. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. २००६ मध्ये काका गेले आणि काकूंनी गाडी मला दिली. दोन अटींवर. विकायची नाही आणि चालू करायची.

गाडी हाडापासून उघडी केली. फ्रेम, फोर्क, मडगार्ड, बॅटरीचा ट्रे, हेडलाइटच्या पत्त्या, सगळं पुण्याला पाठवून पावडर कोटिंग करून आणलं. ऑलिव्ह रंगाचा तो जाड, गुळगुळीत थर बघून मला भरून आलं होतं. त्या रंगाबद्दल पुढे बोलायचं आहे.

पहिली चूक मात्र रंगाची नव्हती. ती अर्धवट वाचनाची होती. ब्रिटिश गाड्या 'पॉझिटिव्ह अर्थ' असतात, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक फ्रेमला जोडलेलं असतं, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. मी प्लस फ्रेमला जोडलं. इंजिन सुरू केलं. थोडा वेग दिला आणि रेग्युलेटरच्या डब्यातून ठिणगी दिसली. इंजिन बंद केलं तरी ॲमीटरचा काटा उलट्या बाजूला आडवा पडलेला. बॅटरीची वायर ओढेपर्यंत डायनॅमोतून वास यायला लागला होता.

पुस्तक खोटं नव्हतं, पण ते माझ्या गाडीबद्दल नव्हतं. ब्रिटिश मोटारसायकली १९५० च्या आसपासपर्यंत निगेटिव्ह अर्थ होत्या. त्यानंतर लुकासनं त्या उलट्या केल्या. सत्तरच्या दशकात पुन्हा उलट वारं वाहू लागलं आणि त्या दशकाच्या अखेरीस ट्रायम्फही निगेटिव्ह अर्थ झाली. मधल्या काळात प्लस टोक फ्रेमला का जोडलं याची दोन कारणं दिली जातात. एक, जोडांवर हिरवा-पांढरा गंज कमी चढतो. दोन, स्पार्क प्लगचा मधला तापलेला काटा ऋण राहिला तर ठिणगी सहज उडते. दुसरं कारण खरं असलं तरी त्यासाठी अख्खी गाडी उलटी करायची गरज नव्हती, इग्निशन कॉइलची दोन टोकं बदलली तरी भागतं. मला स्वतःला हे प्रकरण ऑफिसातल्या परिपत्रकासारखं वाटतं. एकदा निघालं म्हणून पंचवीस वर्षं पाळलं गेलं. पुढे ट्रान्झिस्टरवरच्या वस्तू आल्या, जगानं निगेटिव्ह अर्थ ठरवून घेतला आणि परिपत्रक मागे घ्यावं लागलं.

पॉझिटिव्ह अर्थच्या काळातल्या लुकासच्या वायरिंगमध्ये अर्थची वायर लाल असते. आपल्याकडच्या कोणत्याही वायरमनच्या डोक्यात लाल म्हणजे 'जिवंत' तार. तिथे जिवंत तार तपकिरी-निळी असते, पांढरी इग्निशनला जाते, निळी हेडलाइटला, आणि लाल ती सगळीकडून फिरून फ्रेमला. कित्येक जुन्या गाड्या निव्वळ या लाल रंगानं जाळल्या असतील.

माझ्या डायनॅमोचं काय झालं ते समजण्यासाठी त्याचं पोट उघडून बघावं लागेल. लुकासचा सहा व्होल्टचा डायनॅमो मॅग्नेटोच्या पाठीवर पट्ट्यानं बांधलेला असतो. त्या जोडगोळीला मॅगडायनो म्हणतात. डायनॅमोला दोनच टोकं, डी आणि एफ. डी मधून तयार झालेली वीज बाहेर येते. एफ मधून थोडी वीज फील्ड कॉइलला मिळते, तिनं चुंबक तयार होतं आणि त्या चुंबकात आर्मेचर फिरलं की आणखी वीज तयार होते. मग पहिल्यांदा, इंजिनला किक मारताना, चुंबक येतं कुठून? फील्डच्या लोखंडात मागच्या वेळचं किंचित चुंबकत्व शिल्लक असतं. त्या शिळ्या चुंबकत्वावर एक-दीड व्होल्ट उठतात आणि त्यांच्या जिवावर पुढचं सगळं उभं राहतं. विरजणासारखं. जुनं विरजण ज्या जातीचं, दही त्या जातीचं लागणार. डायनॅमोला प्लस-मायनस कळत नाही, मागची सवय कळते.

डायनॅमो आणि बॅटरी यांच्या मध्ये रेग्युलेटरचा डबा बसतो. आपल्याकडे सगळे त्या डब्यालाच 'कटआउट' म्हणतात, पण आत दोन वेगळे कारकून असतात. कटआउट हा दरवान. डायनॅमोचं व्होल्टेज साडेसहाच्या आसपास गेलं की तो पॉइंट जोडून देतो, इंजिन मंदावलं की तोडतो, म्हणजे बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होत नाही. दुसरा कारकून रेग्युलेटर. व्होल्टेज फार चढायला लागलं की तो फील्डची वीज आखडतो. त्यांच्या चार टोकांवर एफ, ए, डी, ई ही अक्षरं असतात. शेवटचं ई म्हणजे अर्थ.

मी बॅटरी उलटी जोडली, पण डायनॅमोचं विरजण जुन्याच जातीचं होतं. दरवानानं पॉइंट जोडला तेव्हा डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांना अडवण्याऐवजी एकाच दिशेनं ढकलू लागले. दोघांची बेरीज त्या इवल्याशा पॉइंटांवर आली, पॉइंट चिकटले आणि इंजिन थांबल्यावरही बॅटरी आर्मेचरमध्ये ओतत राहिली. आर्मेचर जळालं. खरं तर अर्थ बदलायचाच असेल तर एफच्या टोकाला बॅटरीच्या जिवंत तारेचा क्षणभर स्पर्श करून विरजण बदलून घ्यायचं असतं. एका सेकंदाचं काम. मला ते माहीत नव्हतं.

आर्मेचर भरून द्यायला मी गावातल्या एका मिस्त्रींकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले, चष्म्याला दोरा बांधलेले, मोटर रिवायंडिंगचं दहा बाय दहाचं दुकान. मी काय प्रताप केला ते त्यांना सांगितलं नाही. 'जुनं होतं, जळालं,' एवढंच म्हणालो. त्यांनी चार दिवसांत भरून दिलं, कॉम्युटेटर लेथवर साफ करून दिला, वर 'बॅटरीचं टोक बघून जोडा' असंही म्हणाले. बहुधा त्यांना कळलं होतं.

गाडी चालली. दिवेही लागले. पण महिन्याभरात हेडलाइट मंद होऊ लागला. हँडल डावीकडे वळवलं की जरा उजळायचा, उजवीकडे वळवलं की पिवळा पडायचा. मी बॅटरी बदलली. दहा दिवस बरं, मग तेच. बल्ब बदलला. मिस्त्रींकडे दोनदा गेलो. त्यांनी डी आणि एफ एकत्र करून मीटर लावला, काटा झरझर वर गेला. 'डायनॅमो झकास आहे दादा,' म्हणाले. मी मनात म्हटलं, स्वतःच्या हातचं काम कोण नावं ठेवील?

त्या डिसेंबरात पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात अंधार पडला. आधी पिवळा, मग तांबडा, आणि एका वळणावर हँडल उजवीकडे घेतलं तसा दिवा पूर्ण गेला. इंजिन मात्र थाटात चालू. हे मॅग्नेटोचं वैशिष्ट्य. त्याचं चुंबक कायमचं, ठिणगी तो स्वतः तयार करतो, बॅटरीशी त्याचा संबंध नाही. बॅटरी काढून फेकली तरी एम-२० चालते. एरवी हे वरदान आहे. त्या रात्री मी ताशी चाळीसच्या वेगानं घट्ट काळोखात चाललो होतो आणि गाडी आपण होऊन थांबायला तयार नव्हती. पुढे उसानं भरलेली ट्रॉली होती. तिच्यामागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. मला ती दिसली नाही. उसाचे शेंडे हेल्मेटला खसखसले तेव्हा कळलं. ब्रेक आणि पाय दोन्ही लावून मी कडेच्या खडीत गेलो. खांदा निखळला, टाकीला पोचा आला, यापलीकडे काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं. त्यानंतर बायकोनं गाडीची किल्ली मागितली. या गाडीला किल्लीच नसते, हे सांगायची ती वेळ नव्हती.

खांदा बांधलेल्या अवस्थेत मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाटेल ते बोललो. त्यांनी उत्तर दिलं नाही. आर्मेचरचे घेतलेले पैसे गल्ल्यातून काढून समोर ठेवले. मी ते उचलले. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पुढची दोन वर्षं मी इंग्लंडहून सुटे भाग मागवत राहिलो. नवीन आर्मेचर, नवीन इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, नवीन स्विच. दिवा मंदच. शेवटी एका रविवारी, काही सुचेना म्हणून, जुन्या मॅन्युअलमधला नकाशा कागदावर उतरवत बसलो. नकाशात प्रत्येक दिव्याकडे एकच रेघ जाते. बल्बच्या दुसऱ्या बाजूला तीन आखूड आडव्या रेघांची खूण असते, आणि तिथे चित्र संपतं. ती खूण मी शेकडो वेळा पाहिली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, इथून पुढे कुठे?

जमा-खर्च लिहिणाऱ्याला हा प्रश्न आधीच पडायला हवा होता. बॅटरीच्या एका टोकातून जेवढी वीज निघते तेवढीच दुसऱ्या टोकाला परत यावी लागते, पैन्‌पै. मधे ती उरत नाही, खर्ची पडत नाही. दिव्यात खर्ची पडतो तो तिचा जोर. परत यायला वाट नसेल तर ती निघणारच नाही. आणि या गाड्यांमध्ये परतीच्या वाटेला वायर नाही. तांबं वाचवायचं म्हणून गाडीचं लोखंडच दुसरी वायर म्हणून वापरलं आहे.

ही युक्ती मोटारसायकलीहून जुनी. १८३८ मध्ये म्युनिकच्या कार्ल फॉन श्टाइनहाइलनं तारायंत्राच्या बाबतीत दाखवून दिलं की दोन गावांमध्ये दोन तारा नकोत. एक तार पुरते, परतीचं काम जमीन करते. तेव्हापासून परतीच्या वाटेला 'अर्थ' म्हणजे पृथ्वी म्हणायची पद्धत पडली. मोटारसायकल तर दोन रबरी टायरांवर उभी असते, पृथ्वीशी तिचा काही संबंध नाही, तरी शब्द राहिला. मराठीत तो आणखी मजेशीर झाला. 'अर्थ लागत नाही' असं आमच्याकडचे फिटर म्हणतात तेव्हा ते अगदी शब्दशः बोलत असतात.

आता माझ्या हेडलाइटची परतीची वाट मोजू. बल्बमधून लाइटच्या डब्यात, डब्यातून दोन बोल्टांवाटे पत्त्यांत, पत्त्यांतून फोर्कमध्ये, फोर्कच्या पिनांतून वर, हँडलखालच्या छर्‍यांतून फ्रेममध्ये, फ्रेममधून पट्ट्यानं बॅटरीला. पाच-सहा जोड. त्यांतल्या प्रत्येक जोडात मी पावडर कोटिंगचा थर बसवला होता, साठ-सत्तर मायक्रॉनचा, आणि पावडर कोटिंग म्हणजे शेवटी प्लॅस्टिक. छर्‍यांत वंगण ठासलं होतं. कारखान्यातही गाडीला रंग असे, पण तो पातळ, आणि युद्धातल्या वापरानं बोल्टांखाली खरवडलेला. वर्षानुवर्षांच्या कोंबड्यांच्या शिटेनंही जे अर्थिंग मेलं नव्हतं ते मी माझ्या प्रेमानं मारलं होतं. सुरुवातीला दिवा लागत होता तो बोल्टांच्या आट्यांतून आणि क्लचच्या केबलच्या वेष्टणातून वीज कशीबशी परत येत होती म्हणून. हँडल वळवलं की केबल ताणायची, वाट बदलायची, दिव्याचा रंग बदलायचा. उत्तर महिनोन्‌महिने माझ्या हातात फिरत होतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिनंच मला दोन वर्षं चकवलं. मी मीटरनं तपासलं नव्हतं असं नाही. बझरवर ठेवून हेडलाइटचा डबा आणि फ्रेम यांना टोकं लावली की मीटर वाजायचा. म्हणजे जोड आहे! पण मीटर तपासताना वीज सोडतो ती नावापुरती. तारेचा एक केस शिल्लक असला तरी तो वाजतो. दिव्याला लागतात चार ॲम्पियर. पायवाटेवरून माणूस जातो म्हणून ट्रक जाईल असं नाही. खरी तपासणी दिवा लावून करायची. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या अर्थ बाजूच्या टोकाला, दुसरं बल्बच्या धातूच्या बुडाला. वाट साफ असेल तर काटा शून्यावर राहतो. माझा एक पूर्णांक तीन दशांश व्होल्टवर गेला.

वरवर पाहता सव्वा व्होल्ट म्हणजे किरकोळ. पण गाडीच सहा व्होल्टची. २४ वॅटचा बल्ब धरा. सहा व्होल्टवर तो चार ॲम्पियर घेतो, म्हणजे त्याचा रोध दीड ओहम. परतीच्या वाटेत गंज-रंगामुळे फक्त ०.३ ओहम वाढले तर बल्बच्या वाट्याला सहाऐवजी पाचच व्होल्ट येतात. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगानं घसरतो. व्होल्टेज सहावा हिस्सा घटलं की उजेड जवळपास निम्मा. गेलेला एक व्होल्ट त्या गंजक्या जोडात उष्णता होऊन बसतो, जोड तापतो, आणखी बिघडतो. हाच ०.३ ओहमचा दोष बारा व्होल्टच्या गाडीत असता, तर तितक्याच वॅटचा बल्ब निम्मीच वीज घेतो म्हणून, उजेड जेमतेम सहावा-सातवा हिस्सा कमी झाला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. लुकासच्या बदनामीचा मोठा वाटा मला तरी या गणितात दिसतो. सहा व्होल्टला चूक खपत नाही.

आणि हा आजार लक्षणं बदलतो. रेग्युलेटर बिचारा व्होल्टेज मोजतो ते डी आणि ई यांच्यामध्ये. त्याच्या ई टोकाची अर्थ काही ओहमनी बिघडली तर त्याला खरं व्होल्टेज दिसत नाही, कमी दिसतं. तो डायनॅमोला रेटत राहतो आणि बॅटरीचं पाणी उकळून आटतं. उलट ई नीट आहे पण बॅटरीचा स्वतःचा पट्टा गंजला आहे, तर रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज भरपूर आहे, तो हात आखडता घेतो आणि बॅटरी उपाशी राहते. एकाच कारणानं एका गाडीची बॅटरी उकळते, दुसरीची उतरते. दोन्ही मालक एकमेकांना भेटले तर लुकासच्या नावानं बोटं मोडण्यावर त्यांचं एकमत होतं.

त्या रविवारी मी हातभर वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं हेडलाइटच्या डब्याला धरलं. दिवा पांढरा झाला. समोरच्या भिंतीवर माझ्या हाताची सावली पडली. मी वायर काढली, पिवळा. धरली, पांढरा. पाच-सात वेळा केलं असेल. मग तसाच जाऊन पायरीवर बसून राहिलो.

पुढच्या पिढीच्या ब्रिटिश गाड्यांनी या परतीच्या वाटेवर आणखी भार टाकला. १९५३ मध्ये ट्रायम्फच्या स्पीड ट्विनला डायनॅमोऐवजी अल्टर्नेटर बसला आणि हळूहळू बाकीच्याही त्या वाटेनं गेल्या. अल्टर्नेटरमध्ये ब्रश नाहीत, कॉम्युटेटर नाही. क्रँकच्या टोकाला कायमचं चुंबक फिरतं, भोवती सहा कॉइल. झिजायला काही नाही. पण कायमच्या चुंबकाला आखडता हात घ्यायला सांगता येत नाही. इंजिन पळालं की वीज होणारच. मग जादा विजेचं काय करायचं? साठच्या दशकात बारा व्होल्टच्या गाड्यांवर लुकासनं झेनर डायोड बसवला. चौदा व्होल्टच्या आसपास तो उघडतो आणि जास्तीची वीज सरळ अर्थला सोडून तिची उष्णता करतो. धरणाच्या सांडव्यासारखं. ट्रायम्फच्या हेडलाइटखाली पंख्यांचा जो ॲल्युमिनियमचा गोळा वाऱ्यावर दिसतो तो शोभेचा नाही, या झेनरला थंड ठेवायला आहे. आता त्या गोळ्याची अर्थ सुटली, किंवा रंगाच्या हौसेनं कुणी त्याच्या बुडाला रंग मारला, तर सांडवा बंद. लांबच्या प्रवासात बॅटरी उकळते, बल्ब पटापट उडतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण नॉर्टन कमांडोचं. १९६७ मध्ये ती आली. मोठ्या ट्विन इंजिनाची थरथर स्वाराला लागू नये म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म हे सगळं रबरावर टांगलं. कल्पना सुंदर. पण रबरानं थरथर अडते तशी वीजही अडते, म्हणजे इंजिन फ्रेमपासून तुटलं. प्लगच्या ठिणगीला इंजिनमधूनच परतायचं असतं. म्हणून तिथे वेगळी अर्थ वायर लागते आणि इंजिन काढून बसवताना नेमकी तीच विसरते. १९७५ च्या कमांडोला तर बटण स्टार्टर आला, त्याला शेकडो वॅट लागतात. जाड पट्टा नसेल तर एवढा प्रवाह मिळेल त्या वाटेनं परततो, क्लचच्या केबलमधूनसुद्धा, आणि केबल धुरकटते. लोक धूर बघून वायरिंग बदलतात.

लुकास अगदी निर्दोष होतं असं मला म्हणायचं नाही. सेलेनियमच्या पत्र्यांचे जुने रेक्टिफायर वयानं मरत. रबरी नळीत पितळी टोकं खुपसून केलेले जोड पावसात गंजत. जुन्या गाड्यांत फ्यूज नसे. मात्र गाडी बनवणारे कारखाने पेनी-पेनीची घासाघीस करून माल घेत, आणि परतीची दुसरी वायर न टाकून वाचणारं तांबं त्यांच्याच खिशात राही. दिवे गेल्यावर नाव दिव्यावरचं वाचलं जातं, फ्रेमवरचं नाही.

आपल्याकडे ही कुंडली बुलेटच्या रूपानं शिल्लक राहिली. पन्नासच्या दशकात भारतीय लष्करानं बुलेट मागवल्या, १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. १९६१ मध्ये तिथेच लुकास-टीव्हीएस सुरू झाली. 'बॉडीला अर्थ मार' हे वाक्य ज्या गॅरेजमध्ये ऐकू येतं तिथे बर्मिंगहॅमचा थोडा अंश आहे.

मिस्त्रींकडे जायला मला आणखी तीन आठवडे लागले. पेढे घेऊन गेलो. दुकानात मुलगा होता, मिस्त्री मागे खाटेवर. मी सगळं सांगितलं. उलटी बॅटरी, रंग, छर्‍यांतलं वंगण, एक पूर्णांक तीन दशांश व्होल्ट. पैसे पुढे केले. पैसे त्यांनी घेतले, मोजले, उशाखाली ठेवले. मग म्हणाले, 'हेडलाइट फोर्कला लावायच्या आधी बोल्टाखाली रंग खरवडला का नाही, एवढं मी विचारायला पाहिजे होतं. तुम्ही गाडी आणलीच नाही कधी. नुसता डायनॅमो आणायचात.' ते खरं होतं. रंग लागेल म्हणून मी गाडी त्यांच्या दुकानासमोरच्या खडीवर कधी उभी केली नव्हती.

आता माझ्या एम-२० मध्ये कारखान्यानं न दिलेल्या चार वायरी आहेत. हेडलाइटच्या डब्यातून एक, मागच्या दिव्यातून एक, रेग्युलेटरच्या ई टोकावरून एक आणि इंजिनच्या बोल्टावरून एक. चारही बॅटरीच्या मायनसजवळ एकाच बोल्टावर येतात. बोल्टाखाली धातू चकचकीत खरवडलेला, दातेरी वॉशर, वर व्हॅसलिनचा हात. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मूळपणाचे गुण कापणारे परीक्षक असतात. एकानं त्या वायरींबद्दल माझे गुण कापले. मूळ गाडीत त्या नव्हत्या हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. खंबाटकीत ते माझ्या मागे बसलेले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा मोजलं. दिवा लावून, बॅटरीच्या टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत, ०.०४ व्होल्ट. मागच्या दिव्याला ०.२ येतात. त्याच्या मडगार्डकडचा स्क्रू गंजला आहे. खोलायला गेलं तर आटे जातील अशी भीती आहे, म्हणून मिस्त्रींच्या मुलाला विचारून ठेवलं आहे. दिवाळीची गर्दी ओसरली की बघू म्हणाला. गाडीच घेऊन या, असंही म्हणाला.